एकोणीस एक

प्रस्तावना

या पुस्तिकेचा विषय एकच संख्या आहे. १ हा अंक एकोणीस वेळा ओळीने लिहिला की ती तयार होते: ११,११,११,११,११,११,११,११,१११. ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः, एवढेच तिचे विभाजक. व्याख्या शाळेतली, आपण ७ ला आणि १३ ला लावतो तीच. पण १३ मूळ आहे हे तोंडी सांगता येते. ही संख्या तर उजळणीतल्या एकं-दहं-शतंची अठरा स्थाने परार्धाशी संपल्यावरही एक घर पुढे गेलेली. तिला कशानेच भाग जात नाही, असे कोणी ठामपणे सांगतो तेव्हा ते त्याला कशावरून कळले? या प्रश्नाच्या उत्तरासाठी ही पुस्तिका लिहिली. आणि त्या उत्तराला लागणारी सामग्री आपल्या सोलापुरात छापलेल्या एका ग्रंथात अकराशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या हातांनी मांडून ठेवलेली आहे, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

आधी या संख्येचे भाऊबंद पाहू. सगळे अंक १ असलेल्या संख्यांना गणितात रेप्युनिट म्हणतात. दोन एकांची ११ मूळ आहे. तीन एक म्हणजे १११ = ३ × ३७. चार एक म्हणजे ११ × १०१. एकांची मोजणी संयुक्त असली की ओळ फुटतेच, कारण चार एकांचे दोन-दोनांचे आणि सहा एकांचे तीन-तीनांचे गट पडतात व तो गट सामाईक अवयव म्हणून बाहेर काढता येतो. तेव्हा ओळ मूळ हवी तर एकांची मोजणी मूळ असायला हवी. पण तेवढ्याने भागत नाही. पाच एक म्हणजे ४१ × २७१. सात एक म्हणजे २३९ × ४,६४९. अकरा एक म्हणजे २१,६४९ × ५,१३,२३९. तेरा एक म्हणजे ५३ × ७९ × २६,५३,७१,६५३. सतरा एक म्हणजे २०,७१,७२३ × ५,३६,३२,२२,३५७. दोन सोडले तर सतरापर्यंतची प्रत्येक ओळ फुटली. इतके पाहिल्यावर कुणालाही वाटेल की पुढच्याही फुटतच जाणार. पण एकोणीस एकांची ओळ फुटत नाही. तेवीस एकांचीही नाही. त्यानंतर मात्र थेट ३१७ एकांपर्यंत एकही मूळ ओळ सापडत नाही.

वरचे अवयव जरा निरखून पाहा. पाच एकांच्या अवयवांतून १ वजा केला तर ४० आणि २७० उरतात, दोघांनाही १० ने भाग जातो. सात एकांच्या बाबतीत २३८ आणि ४,६४८, दोघांना १४ ने. अकराच्या बाबतीत २२ ने, सतराच्या बाबतीत ३४ ने. हा योगायोग नाही. समजा, एखाद्या मूळ संख्येने एकोणीस एकांना भाग जातो. मग १० चे घात त्या संख्येने भागत गेलो की एकोणिसाव्या घाताला बाकी १ येते. १९ ही मूळ संख्या असल्यामुळे बाक्यांचे हे चक्र बरोबर एकोणीस पावलांचे असते. एका पावलात ते पुरे व्हायचे तर विभाजक ३ असावा लागेल, आणि एकोणीस एकांची बेरीज १९ असल्याने ३ ने भाग जात नाही. आता फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की मूळ संख्येतून १ वजा केल्यावर जे उरते, त्याला या चक्राच्या लांबीने भाग जायलाच हवा. आपली संख्या विषम, तेव्हा तिचा विभाजकही विषमच; म्हणून तो असलाच तर ३८ च्या पटीत १ मिळवून होणाराच असेल. ७, १३, १७, ४१ या सगळ्यांना न तपासता रजा.

या यादीतली पहिली मूळ संख्या १९१. ती कागदावर तपासून पाहू. १० चा तिसरा घात १०००. १९१ ने भागल्यावर बाकी ४५. सहाव्या घाताची बाकी ४५ च्या वर्गावरून, ११५. नवव्याची ११५ × ४५ वरून, १८. अठराव्याची १८ च्या वर्गावरून, १३३. एकोणिसाव्याची १३३० वरून, १८४. बाकी १ आली नाही, १९१ बाद. एकोणीस अंकी भागाकार कुठेच करावा लागला नाही. आठवी-नववीच्या मुलांना ही पाच ओळींची रीत जरूर दाखवावी. प्रचंड संख्येशी तिच्या बाक्यांमार्फत बोलता येते, हा अंकगणितातला सर्वांत मोठा दिलासा आहे आणि तो आपल्या शाळांत फार उशिरा मिळतो.

पण या रस्त्याने शेवट गाठायचा तर संख्येच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे सुमारे १०५ कोटी ४० लाखांपर्यंत जावे लागते. ३८ च्या पटीत १ मिळवलेल्या संख्या तोवर २ कोटी ७७ लाख होतात आणि त्यांतल्या मूळ तेवढ्या निवडल्या तरी ३० लाखांच्या आसपास. हे संगणकाचे काम. हाताने करायचे तर दुसरी वाट हवी, आणि ती वाट महावीराचार्यांच्या दारावरून जाते.

सोलापूरहून रेल्वेने कलबुर्गी, वाडी ओलांडून हैदराबादच्या दिशेने निघाले की मळखेड लागते. हीच राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. नवव्या शतकात अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला आणि आरंभीच्या श्लोकांत या राजाचा गौरव केला. ग्रंथ संस्कृतात, रचला गेला कन्नड मुलखात, अकराव्या शतकात पावुलूरि मल्लनाने तो तेलुगूत नेला. १९१२ मध्ये मद्रासला एम. रंगाचार्यांनी मूळ पाठ इंग्रजी भाषांतरासह छापला. आणि १९६३ मध्ये लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध केला. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दानावर उभी राहिलेली ही ग्रंथमाला, आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन हे तिचे संपादक. ज्या गावात एकाच गल्लीत मराठी, कन्नड आणि तेलुगू ऐकू येते, तिथे या ग्रंथाने मुक्काम करावा हे मला फार योग्य वाटते. खंत एवढीच की तो धर्मग्रंथांच्या कपाटात राहिला. गणिताच्या वर्गात त्याचे नाव क्वचित निघते.

महावीराचार्य संख्यास्थानांची चोवीस नावे देतात. एक, दश, शत इथपासून महाक्षोभापर्यंत. त्यांच्या मोजणीत आपल्या एकोणीस एकांतला सर्वांत डावीकडचा १ शंखाच्या घरात बसतो. तेवीस एकांचीही ओळ त्या चोवीस घरांत मावते. नंतर गुणाकाराच्या प्रकरणात ते अशी उदाहरणे घालतात की उत्तराचे अंक दागिन्यासारखे दिसावेत, आणि त्यांना कंठिका, कंठाभरण असे शब्द वापरतात. १५२२०७ ला ७३ ने गुणले की आठ एक. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की १२३४५६५४३२१, म्हणजे सहा एकांचा वर्ग. १२३४५६७९ ला ९ ने गुणले की नऊ एक. १४२८५७१४३ ला ७ ने गुणले की १००००००००१.

शेवटच्या दोन उत्तरांवर बोट ठेवा. आपल्या एकोणीस एकांतून १ वजा केला की अठरा एक आणि शेवटी शून्य, म्हणजेच अठरा एकांची दहापट. अठरा एक म्हणजे नऊ एक गुणिले १००००००००१. नऊ एक एकदा नऊ घरे सरकवून लिहायचे आणि मूळ जागी पुन्हा लिहायचे, की झाला गुणाकार. म्हणजे महावीराचार्यांच्या दोन कंठिका एकमेकींत गुंफल्या, त्यांना १० ने गुणले आणि १ मिळवला की आपली मूळ संख्या हाती येते. हे माझ्या ध्यानात आले तेव्हा ही पुस्तिका लिहायचे ठरले.

आता या दोन कंठिका फोडू. नऊ एक म्हणजे १११ × १००१००१. पैकी १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. दुसरी कंठिका १००००००००१ म्हणजे १००१ × ९९९००१. पैकी १००१ = ७ × ११ × १३ आणि ९९९००१ = १९ × ५२५७९. ३३३६६७ आणि ५२५७९ मूळ आहेत हे तपासायला ५७७ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात, एका दुपारचे काम. वरच्या दहाचे २ आणि ५ धरले की आपल्या संख्येतून १ वजा करून उरलेल्या संख्येचे सगळे मूळ अवयव समोर येतात: २, ३, ५, ७, ११, १३, १९, ३७, ५२५७९, ३३३६६७. एकोणीस अंकी संख्येचे असे पूर्ण पृथक्करण इतक्या सहज मिळणे हे भाग्यच म्हणायचे.

याचा उपयोग काय, ते एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या एद्वार ल्यूकाने दाखवले. त्याची कल्पना आपल्या कुटुंबातल्या धाकट्या ११ वर पाहू. २ चे घात घ्या आणि ११ ने भागून बाक्या लिहा: २, ४, ८, ५, १०, ९, ७, ३, ६, १. दहा पावलांत १ ते १० सगळ्या बाक्या येऊन गेल्या, मगच १ आला. २ आणि ११ यांना सामाईक अवयव नसल्याने २ च्या कोणत्याही घाताच्या बाकीत ११ चा अवयव असू शकत नाही. आणि या बाक्या तर १ ते १० अशा सगळ्याच आहेत. म्हणजे ११ पेक्षा लहान कोणतीच संख्या ११ चा अवयव पोटात बाळगत नाही. ११ मूळ आहे. सगळ्या बाक्या लिहिण्याचीही गरज नाही. दहाव्या घाताला बाकी १ येते, आणि १० चे मूळ अवयव २ व ५ यांनी दहाला भागून मिळणाऱ्या पाचव्या व दुसऱ्या घाताला येत नाही (तिथे १० आणि ४ येतात), एवढे पुरते. चक्र दहापेक्षा लहान असते तर या दोहोंपैकी एका ठिकाणी १ दिसलाच असता.

एकोणीस एकांसाठीही हेच. एक पाया निवडायचा, संख्येतून १ वजा करून जो घातांक येतो त्याला बाकी १ येते का पाहायचे, आणि वरच्या दहा अवयवांनी तो घातांक भागून दहा ठिकाणी १ येत नाही ना, ते पाहायचे. अकरा तपासण्या, आणि विभाजकांचा शोध कायमचा बंद. पाया म्हणून १० चालत नाही. त्याचे चक्र एकोणीस पावलांत संपते हे वर पाहिले. कोणता पाया चालतो, ते चौथ्या प्रकरणात वाचकानेच शोधायचे आहे.

इथे शंका येईल की एवढ्या प्रचंड घातांकाचा घात काढणार कसा. इथेही उत्तर जैन ग्रंथांतच आहे. संख्या किती वेळा निम्मी करता येते, या मोजणीला तिथे अर्धच्छेद म्हणतात. ‘तिलोयपण्णत्ती’त आणि वीरसेनांच्या ‘धवला’ टीकेत हा विचार येतो, आणि ‘तिलोयपण्णत्ती’ हीसुद्धा सोलापूरच्या याच ग्रंथमालेने प्रकाशात आणली. आपली संख्या २ च्या ५९व्या आणि ६०व्या घातांच्या मध्ये पडते. घातांक निम्मा करत आलो तर ५९ वेळांत १ वर येतो, म्हणून ५९ वर्ग आणि लागतील तिथे थोडे गुणाकार, दर वेळी बाकी घेऊन, एवढ्यात घात निघतो. कसलेल्या माणसाने वही घेऊन बसावे इतकेच हे काम आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ऑस्कर हॉप्पे यांनी एकोणीस एकांची संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले तेव्हा इलेक्ट्रॉनिक संगणक नव्हताच. तेवीस एकांचा निकाल १९२९ मध्ये लेमर आणि क्राइचिक यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे लावला.

महावीराचार्यांनी ही उदाहरणे गुणाकार शिकवण्यासाठी आणि डोळ्यांना सुख म्हणून दिली. मूळ संख्यांची सिद्धता त्यांच्यापुढे नव्हती. ती त्यांना होती असे म्हणणे त्यांचा सन्मान वाढवत नाही. त्यांचे खरे मोठेपण त्या नजरेत आहे. या अंकरचनेत काहीतरी दडले आहे हे त्यांना जाणवले आणि त्यांनी ते जपून ठेवले. तशी नजर आपल्याकडे पुन्हा दिसली ती दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांत. १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला जन्मलेला, फर्ग्युसनमध्ये शिकलेला, १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवणारा हा माणूस. १२१, १२३२१, १२३४३२१ अशा, एकांच्या ओळींच्या वर्गांतून येणाऱ्या संख्यांना त्यांनी डेमलो संख्या म्हटले, कारण ही कल्पना त्यांना मुंबईजवळच्या डेमलो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकावर सुचली. महावीराचार्यांची सहा एकांच्या वर्गाची कंठिका याच कुळातली. कापरेकरांना आयुष्यभर अनेकांनी गमतीचे गणिती म्हणून बाजूला ठेवले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या स्तंभात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाने दखल घेतली. गंमत आणि गणित यांच्यामध्ये आपण जी भिंत घालतो ती मला कधीच पटलेली नाही. अठरा एकांच्या पृथक्करणाने ती माझ्यापुरती पाडली.

एक मात्र आवर्जून सांगायला हवे. अशा संख्यांना चमत्कार म्हणून मिरवण्याची सवय आपल्याकडे फार आहे, आणि तिने विद्यार्थ्यांचे नुकसान होते. चमत्काराला कारण विचारायचे नसते; इथे तर प्रत्येक गोष्टीला कारण आहे आणि ते सापडते. उदाहरणार्थ, १ ला आपल्या एकोणीस एकांनी भागले तर दशांश चिन्हानंतर अठरा शून्ये आणि ९, पुन्हा अठरा शून्ये आणि ९, अशी एकोणीस अंकांची आवृत्ती मिळते. एकोणीस अंकांची आवृत्ती देणारी दुसरी मूळ संख्या जगात नाही. का? कारण तशी संख्या असती तर तिने एकोणीस नवांना, म्हणजे नऊ गुणिले आपल्या मूळ संख्येला, भाग गेला असता, आणि तिथे आणखी कुणाला जागाच नाही. याच न्यायाने तीन अंकांची आवृत्ती देणारी एकमेव मूळ संख्या ३७ आणि नऊ अंकांची आवृत्ती देणारी एकमेव ३३३६६७. दोघीही वरच्या दहा अवयवांत बसलेल्या आहेत.

यापुढच्या ओळींची कथा सातव्या प्रकरणात आहे. ३१७ एकांची संख्या मूळ असावी असा अंदाज १९६६ च्या सुमारास आला, सिद्धता १९७७ मध्ये झाली. १,०३१ एकांची १९८६ मध्ये सिद्ध झाली. ४९,०८१ एकांची संख्या १९९९ मध्ये हार्वी डबनर यांना ‘बहुधा मूळ’ म्हणून सापडली, आणि ‘बहुधा’ हा शब्द काढायला २०२२ उजाडले. इथे १ वजा करून अवयव पाडण्याची युक्ती पुरत नाही, इलिप्टिक कर्व्हवर आधारलेली वेगळी पद्धत लागते. तपासण्यांवर तपासण्या होकारार्थी येत असताना आणखी तेवीस वर्षे माणसांनी पूर्ण सिद्धतेसाठी थांबावे, हे मला या विषयातले सर्वांत उदात्त वाटते. अशा ओळी अनंत आहेत की कुठेतरी संपतात, हे अजून कोणालाच सिद्ध करता आलेले नाही.

मोठ्या मूळ संख्यांचे विक्रम वर्तमानपत्रांत येतात, त्यांच्याबद्दल थोडक्यात. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिचे अंक ४,१०,२४,३२०. संगणकाच्या दोन अंकी लिपीत लिहिली तर तीही नुसती एकांची ओळ आहे, १३,६२,७९,८४१ एकांची. आपल्या एकोणीस एकांचीच ती दुसऱ्या घरातली नातेवाईक. बँकेच्या व्यवहारांना कुलूप लावायला साधारण तीनशे अंकी मूळ संख्या वापरतात, ३१७ एकांच्या मापाच्या; पण ती ओळ स्वतः कुलपाला निरुपयोगी, कारण ती सगळ्यांना ठाऊक आहे.

पुस्तिका वाचताना एक सावधगिरी बाळगा. एक्सेलमध्ये एकोणीस एक टाइप केले तर पंधरा अंकांपुढचे चार अंक शून्य होऊन जातात आणि मूळ संख्येच्या जागी दहा हजारांची एक पट पुढ्यात येते. मोबाइलवरचे काही कॅल्क्युलेटरही असाच दगा देतात. पायथॉनमध्ये पूर्णांक कितीही लांब असला तरी अचूक राहतो आणि बाकीसह घात काढण्याची सोय तयार असते, तेच वापरावे. १९१ सारख्या तपासण्या मात्र आधी पाच-सहा तरी हाताने कराव्यात.

चौथ्या प्रकरणापर्यंत पोचलेल्या वाचकाने पुस्तिका बाजूला ठेवून तेवीस एकांची संख्या स्वतः सोडवून पाहावी. साधन तेच आहे. १ वजा केला की बावीस एकांची दहापट. बावीस एक म्हणजे अकरा एक गुणिले १००००००००००१. अकरा एकांचे अवयव वर दिलेच आहेत. दुसऱ्या संख्येत ११ दोनदा येतो आणि २३ एकदा. उरलेले दोन अवयव चार अंकी आहेत, आणि दोघेही २२ च्या पटीत १ मिळवून झालेले आहेत.